पेशी जिवंत ठेवून पाहणारी संस्था : फिलाडेल्फियाचे जॉन्सन फाउंडेशन

भोंग्यापुढे मान कलती करून बसलेल्या कुत्र्याचे चित्र ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवरून मराठी घरांत पोचले. अटलांटिकपलीकडे हेच चित्र व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीच्या तबकड्यांवर असे. त्या कंपनीचे संस्थापक एल्ड्रिज रीव्हज जॉन्सन हे मुळात यंत्रकारागीर. १८६७ साली डेलावेअर राज्यात त्यांचा जन्म झाला. शाळेत ते काही चमकले नाहीत. कॉलेजचा नाद सोड आणि हाताला एखादे कसब लाव, असे मुख्याध्यापकांनीच त्यांना सांगितले, आणि मुलाने तसेच केले. पुढे न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी त्यांचे छोटेसे वर्कशॉप होते. एमिल बर्लिनर यांचा ग्रामोफोन तेव्हा हाताने फिरवावा लागे, त्यामुळे गती कमीजास्त होऊन सूर हलायचा. जॉन्सननी त्याला एकसारख्या गतीने फिरवणारी स्प्रिंगची मोटर करून दिली, आणि तिथून त्यांचे दिवस पालटले. १९०१ साली व्हिक्टर कंपनी निघाली. पाव शतकानंतर त्यांनी तिच्यातला आपला हिस्सा विकला तेव्हा ते अमेरिकेतल्या बड्या धनिकांत गणले जात होते.

त्या संपत्तीतला एक वाटा नदी ओलांडून फिलाडेल्फियाला गेला. जॉन्सन यांच्या देणगीतून १९२९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकशाखेत ‘एल्ड्रिज रीव्हज जॉन्सन फाउंडेशन फॉर मेडिकल फिजिक्स’ ही संस्था उभी राहिली. भौतिकशास्त्राची साधने वैद्यकाच्या प्रश्नांना लावणे हा तिचा हेतू. तेव्हाच्या वैद्यकशाळांमध्ये भौतिकशास्त्रज्ञाला स्वतःची खोली मिळणेसुद्धा मुश्कील होते. इथे त्याच्यासाठी अख्खी संस्था आणि तिच्या पोटात लेथ, मिलिंग यंत्रे असलेले वर्कशॉप होते. दात्याचा स्वभाव त्या वर्कशॉपमध्ये उतरला असे मला नेहमी वाटते. पुढल्या काळात या संस्थेने जे काही मिळवले ते बाजारात विकत न मिळणाऱ्या यंत्रांच्या बळावर, आणि ती यंत्रे याच छताखाली घडली.

पहिले संचालक डेटलेव्ह ब्रॉन्क. विद्युत अभियांत्रिकी शिकून भौतिकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्याकडे वळलेला हा माणूस. त्यांच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत संस्थेचा भर मज्जातंतूंवर आणि डोळ्यावर होता. हॅल्डन केफर हार्टलाइन यांनी नाल-खेकड्याच्या डोळ्यातल्या एकेका तंतूचे विद्युतसंकेत इथेच टिपले. स्वीडनला स्थायिक झालेले फिनिश शास्त्रज्ञ राग्नार ग्रानिट संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत फेलो म्हणून इथे राहून गेले. १९६७ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना जॉर्ज वॉल्ड यांच्यासह मिळाले. मज्जासंस्थेचा तो काळ स्वतंत्र लेख मागतो. आपला विषय कर्करोगाच्या पेशीचा चयापचय आणि तो पाहणारा प्रकाश हा असल्याने तिथे रेंगाळत नाही. ब्रॉन्क १९४९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष होऊन गेले आणि संचालकपद ब्रिटन चान्स यांच्याकडे आले. ते १९८३ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. संस्थेचा पुढला इतिहास या एका नावाभोवती फिरतो.

चान्स १९१३ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी इथे जन्मले. लहानपणापासून शिडाच्या होड्यांचे वेड. ऐन पोरवयात त्यांनी जहाजाचे सुकाणू आपोआप दिशेवर ठेवणारे यंत्र बनवले, आणि पुढे त्याच्या चाचणीसाठी ते ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये साडेपाच मीटर वर्गाच्या शर्यतीत त्यांच्या होडीने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा संचालकपदाची त्यांची तीन वर्षे झाली होती. ही केवळ कौतुकाची गोष्ट म्हणून सांगत नाही. दिशा सुटली की तेवढाच फरक मोजून यंत्राने स्वतःला सावरायचे, ही कल्पना त्यांच्या डोक्यात शाळकरी वयापासून होती. पेशीच्या श्वसनात त्यांनी पुढे जे शोधले तेही असेच नियंत्रण होते.

त्यांचे खरे शिक्षण तीन ठिकाणी झाले. पहिले केंब्रिजमध्ये, ग्लेन मिलिकन यांच्या संगतीत: दोन द्रव क्षणार्धात मिसळायचे, प्रवाह एकदम थांबवायचा, आणि सेकंदाच्या अंशात रंग कसा बदलतो ते प्रकाशाने टिपायचे. या तंत्राने चान्स यांनी १९४३ साली दाखवले की एन्झाइम आपल्या पदार्थाशी खरोखरच घडीभर बांधले जाते. तोवर ते समीकरणातले गृहीत होते. दुसरे शिक्षण युद्धकाळात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत झाले. रडारसाठी लागणाऱ्या अचूक विद्युत्मंडलांच्या गटाचे ते प्रमुख होते, आणि गोंगाटातून क्षीण संकेत वेचून काढण्याची विद्या त्यांनी तिथे पक्की केली. तिसरे स्टॉकहोमला, ह्यूगो थिओरेल यांच्याकडे. थिओरेल स्वतः बर्लिनच्या डालेम भागात ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे राहून आलेले. वारबुर्ग यांच्या घराण्यातली विद्या अशी एका पिढीच्या अंतराने फिलाडेल्फियात आली, आणि वारबुर्ग यांच्याच एका सिद्धान्ताला तिने पुढे आव्हान दिले.

तो सिद्धान्त समजल्याशिवाय या संस्थेचे कर्करोगावरचे काम कळायचे नाही.

१९२० च्या दशकात वारबुर्ग यांनी अर्बुदाचे पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवून त्यांनी घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेले आम्ल दाबमापकाने मोजले. निरोगी पेशीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करते आणि एका रेणूमागे तीसएक एटीपी, म्हणजे ऊर्जेची नाणी, कमावते. ऑक्सिजन नसला तर अर्धवट किण्वन करून दोन एटीपींवर भागवते आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. कर्करोगाच्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही लॅक्टिक आम्ल तयार करत होत्या. हे निरीक्षण पक्के होते आणि आजही पक्के आहे. वारबुर्ग यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष असा: पेशीच्या श्वसनयंत्रणेला न भरून येणारी इजा होते, तीच कर्करोगाचे मूळ. १९५६ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात त्यांनी हे पुन्हा ठासून मांडले.

श्वसनाची ही यंत्रणा म्हणजे काय, हेही मुळात प्रकाशानेच कळले होते. १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी कीटकांचे स्नायू आणि यीस्ट साध्या वर्णपटदर्शकातून पाहिले. प्रकाशाच्या पट्ट्यात काळ्या रेघा होत्या. ऑक्सिजन दिला की त्या पुसट होत, तोडला की परत उमटत. या रंगद्रव्यांना त्यांनी सायटोक्रोम म्हटले. वारबुर्ग यांनी तर त्याहून देखणा प्रयोग केला. कार्बन मोनॉक्साइड वायूने पेशीचे श्वसन अडते, पण प्रकाश टाकला की ते पुन्हा सुरू होते. कोणत्या रंगाचा प्रकाश ते किती सोडवतो हे एर्विन नेगेलाइन यांच्यासोबत मोजून त्यांनी श्वसन-एन्झाइमचा वर्णपट मिळवला, तोही एन्झाइम डोळ्यांनी न पाहता आणि पेशीतून बाहेर न काढता. १९३१ चे नोबेल त्यांना श्वसन-एन्झाइमवरील या कामासाठी मिळाले. शुद्ध प्रायोगिक सौंदर्याचे उदाहरण विचारले तर मी आजही याच प्रयोगाचे नाव घेईन.

आता फिलाडेल्फियात परत येऊ. चान्स यांना सायटोक्रोम जिवंत पेशीतच, तिचे श्वसन चालू असताना मोजायचे होते. अडचण गढूळपणाची होती. पेशी तरंगत असलेला द्रव दुधी दिसतो. त्यात शिरलेला प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, आणि रंगद्रव्याने शोषलेला अंश त्या विखुरण्यात बुडून जातो. म्हणून त्याआधीचे रसायनशास्त्रज्ञ पेशी फोडून, अर्क गाळून, निवळ द्रव करून मोजत. मोजमाप नेमके होई, पण जी गोष्ट मोजायची ती थांबलेली असे.

चान्स यांनी १९५१ साली यावर जे यंत्र प्रसिद्ध केले ते दोन तरंगलांबींचे वर्णपटमापक. युक्ती सोपी होती. सायटोक्रोम सी मोजायचा तर ५५० नॅनोमीटरचा प्रकाश घ्यायचा, कारण तिथे तो ठळक शोषला जातो. सोबत अगदी शेजारचा, म्हणजे ५४० नॅनोमीटरचा प्रकाश घ्यायचा, जिथे ऑक्सिडीभवनाने फारसा फरक पडत नाही. दोन्ही प्रकाश एकाच नमुन्यातून आळीपाळीने, सेकंदाला कितीतरी वेळा सोडायचे. विखुरणे दोघांचे जवळजवळ सारखेच होते. वाण्याने आधी रिकामी बरणी तोलावी आणि मग भरलेली, तसा एकातून दुसरा वजा केला की उरतो तो फक्त रंगद्रव्यातला बदल. युक्ती सोपी असली तरी ती चालवायला कंप पावणारा आरसा, त्याच्याशी तंतोतंत ताल धरणारे विद्युत्मंडल आणि हजारातला एखादा अंश ओळखणारा शोधक लागतो. रडारच्या दिवसांतली विद्या आणि वर्कशॉपमधले कारागीर, दोन्ही इथे कामी आले.

पुढल्याच वर्षी, १९५२ मध्ये, चान्स आणि कॅस्टर यांनी ‘सायन्स’मध्ये उंदरांच्या कर्करोगपेशींचे निष्कर्ष छापले. पोटात साठलेल्या पाण्यात सुट्या सुट्या वाढणाऱ्या या पेशी प्रयोगाला सोयीच्या. गाठ कापावी लागत नाही, सुईने पाणी काढले की पेशी हाती येतात. वर्णपटात सायटोक्रोमचे पट्टे स्पष्ट उमटले. सायटोक्रोमांनी बनलेली श्वसनाची साखळी तिथे होती, आणि ऑक्सिजन दिला-तोडला की ती हलत होती. फिलाडेल्फियातलेच सिडनी वाइनहाउस किरणोत्सारी कार्बन वापरून वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज आणि मेदाम्ले व्यवस्थित जाळतात असे त्यांना दिसले होते. १९५६ मध्ये ‘सायन्स’च्या पानांवर त्यांच्यात आणि वारबुर्ग यांच्यात जी खडाजंगी झाली ती कर्करोग-संशोधनाच्या इतिहासातली एक तीव्र चकमक आहे. वारबुर्ग शेवटपर्यंत हटले नाहीत.

माझ्या मते या वादाचे खरे उत्तर १९५९ मध्ये आले. जर्मनीहून आलेले बेनो हेस आणि चान्स यांनी त्याच प्रकारच्या कर्करोगपेशी यंत्रात ठेवून त्यांना ग्लुकोज दिला, आणि सायटोक्रोम, ऑक्सिजन व ग्लुकोज यांतले बदल सेकंदासेकंदाला नोंदवले. ग्लुकोज मिळताक्षणी श्वसन झपाट्याने वाढले. थोड्याच वेळात ते उतरले, आणि आधी होते त्याच्याही खाली गेले. हे उतरणे नवे नव्हते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट क्रॅबट्री यांनी ते १९२९ मध्येच नोंदवले होते. पण आधीची ती उसळी आणि तिच्या वेळी सायटोक्रोमांची होणारी हालचाल फोडलेल्या पेशीत दिसलीच नसती.

ती उसळी कशामुळे? ग्लुकोज पेशीत शिरला की त्याला फॉस्फेट जोडायला एटीपी खर्च होतो आणि एडीपी तयार होतो. एडीपी तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, जिथे पेशीचे श्वसन चालते) पोचला की श्वसन वेग घेते. एडीपी संपला की मंदावते. चान्स आणि जी. आर. विल्यम्स यांनी १९५५ साली वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांवर हेच नियंत्रण दाखवून श्वसनाच्या पाच अवस्था ठरवल्या होत्या. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही ‘स्टेट थ्री’, ‘स्टेट फोर’ हे शब्द कानी पडतात ते तिथलेच. कर्करोगाच्या पेशीचे श्वसन एडीपीच्या इशाऱ्यावर वर-खाली होते, म्हणजे तिची यंत्रणा मोडलेली नाही. ती नियंत्रणात आहे, पण लगाम वेगळ्या रीतीने खेचला जातो आहे. इजा आणि नियंत्रण यांतला हा फरक उपचाराच्या दृष्टीने केवढा मोठा आहे! मोडलेले दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते, पण नियंत्रणात हस्तक्षेप करता येतो. श्वसनसाखळीशी जोडलेल्या एन्झाइमांतल्या जनुकीय दोषांमुळे होणारे काही दुर्मीळ कर्करोग पुढे सापडले, हे खरे. त्या थोड्या प्रकारांपुरते वारबुर्ग यांचे म्हणणे लागू पडते. बहुतेक अर्बुदांना ते लागू पडत नाही.

सायटोक्रोम दिसतात ते प्रकाश शोषून. पेशीतले आणखी दोन पदार्थ मात्र स्वतःच उजळतात, आणि संस्थेच्या पुढल्या पन्नास वर्षांचे काम त्यांच्यावर उभे आहे. पहिला एनएडीएच. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीच्या तोंडाशी नेऊन पोचवणारा हा वाहक. त्याच्यावर ३४० ते ३६६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की तो निळसर, ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परत देतो. इलेक्ट्रॉन सोडून तो एनएडी झाला की उजळत नाही. दुसरा गट फ्लॅव्होप्रोटीनांचा. त्यांच्यावर निळा प्रकाश टाकला की हिरवा परत येतो, पण इथे उलटे आहे: इलेक्ट्रॉन नसताना ती उजळतात, मिळाले की विझतात. एकाचा प्रकाश वाढतो तेव्हा दुसऱ्याचा घटतो. दोन्ही मोजून गुणोत्तर काढले की पेशीत इलेक्ट्रॉन साचले आहेत की वाहून जात आहेत याचा अंदाज येतो. रंग घालायला नको, औषध टोचायला नको, पेशीचे स्वतःचेच रेणू बोलतात.

१९६२ मध्ये चान्स, कोहेन, योबसिस आणि शोनर यांनी ‘सायन्स’मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूवर आणि मूत्रपिंडावर हा प्रयोग छापला. श्वासातला ऑक्सिजन कमी केला की काही सेकंदांत एनएडीएचचा निळा प्रकाश वाढे. परत दिला की उतरे. अखंड, रक्त वाहणाऱ्या अवयवाच्या पृष्ठभागावरून त्याच्या पेशींच्या श्वसनाची खबर अशी पहिल्यांदाच आली. यातले फ्रान्स योबसिस पुढे ड्यूक विद्यापीठात गेले. कवटीतून आरपार जाणाऱ्या अवरक्तालगतच्या प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत त्यांनी १९७७ मध्ये दाखवली. आज अतिदक्षता विभागात कपाळाला चिकटवलेली पट्टी असते तिचे मूळ तिथे आहे.

१९६२ च्या त्या प्रयोगाच्याच सुमारास संस्थेत आणखी एक मोठे काम झाले. मार्टिन क्लिंगनबर्ग यांना यकृताच्या सूक्ष्मकणांत कार्बन मोनॉक्साइडबरोबर ४५० नॅनोमीटरला पट्टा देणारे एक नवेच रंगद्रव्य दिसले. त्यांनी ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. हे करते काय, कोणालाच ठाऊक नव्हते. १९६३ मध्ये रोनाल्ड एस्टाब्रुक, डेव्हिड कूपर आणि ओटो रोझेन्थाल यांनी वारबुर्ग यांचीच जुनी रीत वापरली: कार्बन मोनॉक्साइडने प्रक्रिया अडवायची आणि कोणता प्रकाश ती सोडवतो ते पाहायचे. ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाने ती सर्वांत चांगली सुटली. तेच हे सायटोक्रोम पी-४५०, औषधांवर आणि शरीराबाहेरून आलेल्या विषांवर प्रक्रिया करणारे कुटुंब. तंबाखूच्या धुरातली कित्येक रसायने स्वतः फारशी घातक नसतात. पी-४५० त्यांना बदलते तेव्हा ती डीएनएला चिकटतात आणि कर्करोगाला सुरुवात होते. केमोथेरपीची अनेक औषधेही याच एन्झाइमांच्या हातून जातात.

संस्थेचा इतिहास लिहायचा तर तिच्या अपयशाचाही उल्लेख हवा. तंतुकणिका एटीपी कसा बनवते याचे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये दिलेले उत्तर असे की श्वसन पटलापलीकडे प्रोटॉन ढकलते आणि ते परत येताना एटीपी बनतो. चान्स यांनी ते दीर्घकाळ मान्य केले नाही. उच्च ऊर्जेचा रासायनिक मध्यस्थ सापडेल या आशेने त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगशाळांनी वर्षे घातली. तो सापडला नाही. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिचेल यांना मिळाले. चान्स यांच्या यंत्रांनी दिलेले वेगाचे आकडे मात्र दोन्ही बाजूंनी वापरले आणि ते टिकले.

साठच्या दशकात संस्थेच्या प्रयोगशाळा रिचर्ड्स इमारतीत होत्या. लुई कान यांनी बांधलेली, विटांचे उंच मनोरे आणि काचेच्या खोल्या असलेली ही इमारत वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. अहमदाबादची आयआयएम ज्यांनी पाहिली आहे त्यांना कान यांच्या विटेची ओळख आहेच. इमारतीत ऊन फार येते अशी तिथल्या शास्त्रज्ञांची तक्रार असे, आणि खिडक्यांना चंदेरी कागद लावावे लागत. पेशीतून येणारा क्षीण प्रकाश मोजणाऱ्यांना अंधार हवा असतो. त्यांची गरज वेगळी होती.

जिवंत गाठीवर एनएडीएचचा प्रयोग करताना दोन भिंती आडव्या येतात. अतिनील प्रकाश ऊतीत मिलिमीटरच्या अंशापलीकडे शिरत नाही. शिवाय गाठ एकजिनसी नसते. रक्तवाहिनीजवळची पेशी सुखात असते, गाभ्यातली गुदमरलेली असते. या भिंतींवर संस्थेने शोधलेला पहिला उपाय धाडसी होता. ऊती द्रव नायट्रोजनच्या तापमानाला क्षणात गोठवायची. सगळ्या प्रक्रिया होत्या तिथे थांबतात, इलेक्ट्रॉन जिथे असतील तिथेच अडकतात. शिवाय थंडीत रेणूंचे हे उजळणे, म्हणजे प्रतिदीप्ती, कित्येक पटींनी वाढते. चान्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांवरून एनएडीएच आणि फ्लॅव्होप्रोटीन यांच्या गुणोत्तराची पद्धत पक्की केली. १९८५ मध्ये क्विस्टॉर्फ, हेझलग्रोव्ह आणि चान्स यांनी गोठलेल्या अवयवाचा पृष्ठभाग खरवडत, दर थराला प्रकाशतंतूने वाचत, तिन्ही मितींचा नकाशा काढणारे यंत्र दिले. पेशी जिवंत ठेवून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्या संस्थेने इथे ती गोठवली हे खरे, पण फोडली नाही. तिची त्या क्षणाची अवस्था जशीच्या तशी राखली.

या यंत्राने २००९ मध्ये जे दाखवले ते मला फार महत्त्वाचे वाटते. लिन ली, जेरी ग्लिक्सन, चान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे पाच पेशीवंश उंदरांत वाढवले. काही शांत, काही शरीरभर पसरण्यात तरबेज. गाठी गोठवून नकाशे काढले तेव्हा जास्त पसरणाऱ्या वंशांच्या गाठींचा गाभा अधिक ऑक्सिडीभूत (इलेक्ट्रॉन कमी साचलेला) होता, आणि त्या गाठींत भाग-भागांतला फरक ठळक होता. म्हणजे पसरण्याची ताकद आणि तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉनांची स्थिती यांचा काही संबंध आहे. पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या वंशांतही याच्याशी जुळणारी चिन्हे दिसली. हा शोध ‘पीएनएएस’मध्ये छापला गेला तेव्हा चान्स ९५ वर्षांचे होते. पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. शेवटच्या वर्षांतही ते प्रयोगशाळेत येत असत.

गाठ न गोठवता खोलवर पाहण्यासाठी संस्थेने अवरक्तालगतचा, ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश निवडला. या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, म्हणून प्रकाश काही सेंटिमीटर खोल जातो. वाटेत तो इतका विखुरतो की सरळ रेषेचे नियम लागू पडत नाहीत. त्याला पसरणाऱ्या उष्णतेसारखी समीकरणे लागतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच (पेनच्या) भौतिकशास्त्र विभागातले अर्जुन योध यांनी हे गणित आणि प्रयोग दोन्ही पुढे नेले. १९९५ मध्ये ‘फिजिक्स टुडे’तला त्यांचा आणि चान्स यांचा लेख या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती अजून दिला जातो. स्तनातल्या गाठीत रक्त जास्त असते आणि त्यातला ऑक्सिजन बहुधा कमी असतो. या दोन खुणा प्रकाशाने बाहेरून मोजता येतात. इथे दिसते ते रक्त, एनएडीएच नव्हे. पेशीच्या भट्टीत काय चालले आहे ते तिच्याकडे येणाऱ्या रक्तावरून ताडावे लागते.

संस्थेतून बाहेर पडलेल्यांनी ही विद्या दूरवर नेली. चान्स यांच्याकडे उमेदवारी केलेल्या निर्मला रामानुजम यांच्या गटाने, मेलिसा स्काला यांच्यासह, २००७ मध्ये हॅमस्टरच्या गालातल्या कर्करोगपूर्व ऊतीवर जिवंतपणी काम केले. त्यांनी एनएडीएच किती उजळतो यासोबत किती वेळ उजळतो हेही मोजले. सुट्या एनएडीएचचा प्रकाश अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत विझतो, एन्झाइमला बांधलेल्याचा त्याच्या कित्येक पट टिकतो. त्यामुळे निव्वळ साठाच नव्हे, तर तो कुठे गुंतला आहे हेही कळू लागले. आता याच रीतीने रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशीपुंजांवर औषध घालून ते लागू पडते का हे पाहतात, कारण गाठ आकसण्याच्या कितीतरी आधी तिचा चयापचय बदलतो. एक मर्यादा मात्र जुनीच आहे. एनएडीएच आणि त्याचा जुळा भाऊ एनएडीपीएच यांचा वर्णपट सारखाच असतो, आणि नुसत्या रंगावरून त्यांना वेगळे करता येत नाही.

आपल्याकडे प्रकाशाने कर्करोग पाहण्याचे काम वेगळ्या दिशेने वाढले. १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा वारसा आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राकडे आहे. तिथे मुरली कृष्ण चिलकपाटी यांच्या गटाने गालाच्या आतल्या त्वचेवर ७८५ नॅनोमीटरचा लेझर टाकून रामन वर्णपट घेतले. निरोगी गालाच्या वर्णपटात मेदाच्या रेघा ठळक असतात, कर्करोगाच्या वर्णपटात प्रथिनांच्या. तंबाखू-सुपारीने पोळलेल्या आपल्या समाजात तोंडाच्या कर्करोगाइतका निकडीचा प्रश्न दुसरा नाही, आणि रामनच्या वाटेने त्याला हात घातला गेला हे मला योग्यच वाटते. त्यांची रीत ऊतीची रासायनिक घडण पाहते, फिलाडेल्फियाची इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पाहते. एकाच रुग्णावर दोन्ही वापरता येतील असा दिवस यावा असे मनापासून वाटते.

पेनमधले ली आणि हे शू यांचे अलीकडचे काम रुग्णांच्या ऊतीवर आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा शस्त्रक्रियागृहातच गोठवावा लागतो. उशीर झाला तर ऑक्सिजनअभावी एनएडीएच साचतो आणि गुणोत्तर खोटे पडते. २०१६ मध्ये त्यांनी छापले की कर्करोगी ऊतीत एनएडीएच आणि फ्लॅव्होप्रोटीन दोन्हींचे प्रकाश त्याच स्त्रीच्या निरोगी ऊतीपेक्षा अधिक असतात. मोजताना ते ठरावीक सांद्रतेच्या एनएडीएच आणि एफएडी (फ्लॅव्होप्रोटीनांतला उजळणारा रेणू) यांच्या द्रावणांचे गोठवलेले नमुने ऊतीशेजारीच ठेवतात, आणि ऊतीचा प्रकाश त्यांच्याशी ताडून सांद्रतेत मांडतात. दिवा जुना झाला, शोधक बदलला, तरी आज मोजलेली गाठ आणि दहा वर्षांनी मोजलेली गाठ यांचे आकडे एकाच तक्त्यात बसतात.